रायफलीची खिटी

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना नवल वाटेल. रायफल ही कांहीं आपल्या घरांतून आढळणारी वस्तु नव्हे. पोलिसाच्या खांद्यावर किंवा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनांत आपण ती दुरून पाहतों, इतकाच काय तो आपला तिच्याशीं संबंध. मग तिच्या एका लहानशा खिटीविषयीं, आणि ती खिटी सोयीनें दाबतां यावी म्हणून बाजारांत मिळणाऱ्या एका जोडतरफेविषयीं, आपण आपला वेळ कां खर्च करावा, असें आपण विचारलें तर तें वावगें होणार नाहीं.

ह्याला माझीं दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, आज आपल्यांतील कित्येक घरांतील मुलें-मुली, जांवई-सुना अमेरिकेंत संसार थाटून राहिल्या आहेत. त्या देशांत शेजारच्या घरीं अशी रायफल असणें ही आश्चर्याची गोष्ट नाहीं. कधीं कधीं ती आपल्याच माणसाच्या घरींहि असते. दुसरें उत्तर असें कीं, ह्या तरफेच्या पायीं एके दिवशीं माझ्या हातून जें घडलें, त्यानें मला यंत्रांविषयीं एक गोष्ट शिकविली; आणि ती केवळ रायफलीपुरतीच खरी आहे असें मला वाटत नाहीं. मी व्यवसायानें यंत्र-अभियंता. यंत्रें जुळविण्यांत आणि उकलण्यांत माझा जन्म गेला. तेव्हां जी चूक मी आज सांगणार आहें ती अडाण्याची चूक नव्हती, हें आरंभींच कबूल करतों.

प्रथम ह्या यंत्राची थोडी ओळख करून घेऊं. अर्धस्वयंचलित रायफलीचा चाप एकदां ओढला कीं एकच गोळी सुटते. पुढचें काडतूस मात्र ती आपलें आपण भरून घेते. काडतुसांतील दारू पेटली म्हणजे तिचा वायु गोळीला नळींतून पुढें लोटतो. ज्या रायफलीविषयीं मी बोलणार आहें, तिच्यांत ह्या वायूचा थोडासा अंश नळीच्या एका बारीक छिद्रांतून मागें वळविलेला असतो, आणि तो बोल्टाला मागें ढकलतो. बोल्ट म्हणजे काडतुसाच्या कोठ्याचें दार आणि त्या दाराचा अडसर, दोन्ही एकच. तो मागें जातांना रिकामें टरफल ओढून बाहेर टाकतो आणि आंतील हातोडा दाबून सज्ज करतो. मग दस्त्यांतील स्प्रिंग त्याला पुन्हां पुढें लोटते, आणि पुढें येतांना तो खालच्या मॅगझिनांतून एक नवें काडतूस उचलून कोठ्यांत बसवितो व दार लावून घेतो. हें सारें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतें.

आतां प्रश्न असा कीं, मॅगझिनांतील शेवटचें काडतूस उडालें म्हणजे काय व्हावें? कालाश्निकॉव्हच्या प्रसिद्ध रायफलींत कांहींच होत नाहीं. बोल्ट रिकाम्या कोठ्यावर बंद होतो, आणि पुढल्या वेळीं चाप ओढल्यावर नुसता 'टक्' असा आवाज आला म्हणजे नेमबाजाला कळतें कीं काडतुसें संपलीं. दुसऱ्या पंथाच्या कारागिरांनीं मात्र असें योजिलें कीं, शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागेंच अडकून रहावा. त्यानें दोन गोष्टी साधतात. रायफल रिकामी झाली हें तत्काळ समजतें, आणि नवें मॅगझीन घातल्यावर बोल्ट मागें ओढण्याचा खटाटोप उरत नाहीं. तो फक्त सोडावयाचा असतो.

परंतु मागें ताणून धरलेला बोल्ट म्हणजे ताणून धरलेली शक्ति. आणि ती केव्हां, कशी व कोणत्या बोटानें सोडावयाची, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. जॉन गॅरंड हा १८८८ सालीं कॅनडाच्या क्युबेक प्रांतांत जन्मलेला कारागीर. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत स्प्रिंगफील्ड येथें जो सरकारी शस्त्र-कारखाना होता, तेथें त्यानें आपली एम-१ ही रायफल सिद्ध केली. १९३६ सालीं अमेरिकन सैन्यानें ती स्वीकारली, आणि दुसरें महायुद्ध संपेपर्यंत तिचे सुमारें ४० लाख नग तयार झाले. ह्या रायफलींत आठ काडतुसांचा एक पोलादी पकडीतला जुडगा वरून अंगठ्यानें दाबून बसवावा लागे. शेवटची गोळी उडाली कीं रिकामी पकड खणकन् बाहेर उडे आणि बोल्ट मागें थांबे. नवा जुडगा आंत घट्ट बसला कीं तोच बोल्ट मोकळा होऊन पुढें धांवे. अंगठा काढावयास क्षणभर उशीर झाला, किंवा साफसफाई करतांना आंतील पट्टी चुकून दाबली गेली, तर तो अंगठा बोल्टाच्या तडाख्यांत सांपडे. ही दुखापत इतकी नित्याची होती कीं तिला 'एम-१ अंगठा' असें नांवच पडलें. म्हणून जाणते शिपाई हाताची कड बोल्टाच्या मुठीला अडवून धरीत व मगच अंगठ्यानें जुडगा दाबीत. कारागिरानें यंत्रांत न ठेवलेला अडसर शिपायांनीं आपल्या हातांत निर्माण केला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें १९५० नंतरच्या दशकांत यूजीन स्टोनर ह्या अमेरिकन अभियंत्यानें आर्मालाइट ह्या कंपनींत एक नवी हलकी रायफल योजिली. तिच्याच धर्तीवरील एआर-१५ चे हक्क १९५९ सालीं कोल्ट कंपनीनें घेतले. सैन्यांत गेलेला तिचा अवतार एम-१६ ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. आणि नागरिकांना विकला जाणारा अर्धस्वयंचलित अवतार आज अमेरिकेंत अनेक कारखाने तयार करतात. स्टोनरनें बोल्ट अडकविण्याचें काम एका लहानशा खिटीकडे सोंपविलें. आपल्याकडे दाराला जशी मधोमध खिळलेली फिरती खिटी असते, तशीच ही रायफलीच्या डाव्या कुशीला एका आडव्या खिळीवर बसविलेली आहे. तिचें एक अंग आंत, बोल्टाच्या वाटेंत, आणि दुसरें बाहेर, पंज्यासारखें चपटें. मॅगझीन रिकामें झालें म्हणजे त्यांतील वर सरकणारी पट्टी खिटीचें आंतलें अंग वर उचलते आणि बोल्ट त्याला अडकून मागें रहातो. नवें मॅगझीन घातल्यावर बाहेरील पंजाचा वरचा भाग डाव्या हाताच्या अंगठ्यानें वा तळव्यानें दाबला कीं आंतलें अंग खालीं जातें व बोल्ट पुढें झेपावतो.

येथें एक बारीक गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. ही खिटी डाव्या हातानें दाबावयाची आहे, आणि चाप उजव्या हाताच्या तर्जनीनें ओढावयाचा आहे. बोल्ट सोडणें हें एका हाताचें काम, गोळी सोडणें हें दुसऱ्या हाताचें. स्टोनरनें ही वांटणी मुद्दाम केली कीं रचनेच्या ओघांत ती आपोआप झाली, ह्याचा निवाडा मी करीत नाहीं. पण ती होती, एवढें खरें. आणि तिची किंमत मला ती मोडल्यावर कळली.

आतां माझ्या स्नेह्यांची हकीकत सांगतों. मी कांहीं वर्षें नोकरीनिमित्त अमेरिकेंत होतों, त्या वेळचे ते माझे शेजारी. आपल्याच बाजूचे, माझ्याहून वयानें वडील, सेवानिवृत्त, आणि रविवारीं सकाळीं गांवाबाहेरील चांदमारीच्या मैदानावर जाऊन कागदाच्या निशाणावर नेम धरण्याचा त्यांना नाद. एके हिवाळ्यांत त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. त्यांतून ते बरे झाले, परंतु डाव्या हाताच्या अंगठ्याचा व बोटांचा जोर गेला तो गेलाच. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून ते नेम धरूं शकत. पण खिटी दाबण्याची शक्ति त्या अंगठ्यांत उरली नव्हती. मग ते उजवा हात मुठीवरून काढून माथ्यावरची ओढदांडी मागें खेंचीत व सोडून देत. त्यानेंहि बोल्ट मोकळा होतो. पण तसें करतांना दस्ता खांद्यावरून सुटे, आणि नळीचें तोंड कधीं डावीकडे तर कधीं खालीं असें भटकूं लागे. शेजारीं इतर माणसें बसलेलीं असतां नळीनें असें भटकणें ही काय गोष्ट आहे, हें ते पुरतेपणीं जाणून होते.

एके दिवशीं ते एक लहानशी डबी घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही एवढे यंत्रविशारद, हें जरा बसवून द्याल का?" डबींत एक जोडतरफ होती. मूळ कारखान्याची नव्हे, तर रायफलींचे जोडभाग निराळे तयार करून विकणारे जे अनेक आहेत त्यांपैकीं एकाची. तिची कल्पना अशी कीं, तिचें एक टोंक पकडीनें खिटीच्या डाव्या पंजाला आवळावयाचें. तेथून तिची बारीक दांडी चापाच्या कड्याच्या पुढल्या भागांतून आडवी जाऊन उजवीकडे निघते, आणि तेथें तिला एक छोटा पंजा असतो. उजव्या हाताच्या तर्जनीनें तो खालीं दाबला कीं बोल्ट सुटतो. बोल्ट मागें ओढून धरून तो वर उचलला कीं बोल्ट अडकतो. डाव्या हाताचें काम अशा रीतीनें उजव्या हाताकडे येतें. माझ्या स्नेह्यांना नेमकें हेंच हवें होतें.

ही तरफ बसविणें हें काम दहा मिनिटांचें. परंतु त्याआधींचीं पांच मिनिटें अधिक महत्त्वाचीं. आम्हीं प्रथम मॅगझीन काढलें, बोल्ट मागें ओढून अडकविला, आणि कोठा डोळ्यांनीं पाहिला. मग करंगळी आंत घालून तो चांचपला, कारण अंधुक उजेडांत डोळा फसतो, बोट सहसा फसत नाहीं. घरांतील काडतुसांची पेटी उचलून दुसऱ्या खोलींत नेऊन ठेवली. मगच पेच हातीं घेतला. पकडीचीं दोन अंगें खिटीच्या पंजावर दोन्ही बाजूंनीं बसवून, दांडी कड्यांतून सरळ जाते कीं नाहीं हें पाहून, षट्कोनी किल्लीनें पेच आवळला. तो फार आवळूं नये, कारण बारीक पेचाचे आंटे सहज झिजतात. आणि ढिलाहि ठेवूं नये, कारण प्रत्येक गोळीच्या धक्क्यानें तो थोडाथोडा सुटत जातो.

बसविल्यावर परीक्षा. दांडी चापाला कोठेंहि स्पर्श करीत नाहीं ना? चाप पूर्ण मागें गेला असतां मध्यें अडत नाहीं ना? रिकामें मॅगझीन घालून बोल्ट मागें ओढला तर तो दर वेळीं अडकतो ना? ही शेवटची परीक्षा वीस वेळां करावी, एकदां करून भागत नाहीं. कारण असें पहा, मूळ खिटी फार हलकी असते. बोल्ट मागें जाऊन परत येण्याच्या निमिषार्धांत तिला मॅगझिनाच्या स्प्रिंगेच्या जोरावर वर उठावें लागतें. तिच्या अंगावर आपण तरफेचें वजन लादलें कीं तिच्या उठण्यांत जडपणा येतो. कधीं ती उशीरां उठते व बोल्ट न अडकतां निसटतो, तर कधीं धक्क्यानें वेळेआधींच उसळते व काडतुसें शिल्लक असतांच बोल्ट अडकतो. आमच्या रायफलींत ह्यांतील एकहि दोष दिसला नाहीं. खोटीं, म्हणजे दारू नसलेलीं, काडतुसें घालूनहि मी ती चालवून पाहिली. सर्व कांहीं घड्याळासारखें चाललें होतें. मी समाधानानें हात धुतले.

पुढच्या रविवारीं आम्हीं मैदानावर गेलों. स्नेह्यांचा धाकटा मुलगाहि बरोबर होता. तो आमच्यामागें, रेषेच्या पलीकडे उभा होता. "तुम्हीं बसविलीत, तर पहिली चालवून तुम्हींच पहा," असें स्नेही म्हणाले, आणि मी बांकावर बसलों. एक मॅगझीन सरळ गेलें. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागें अडकला. मीं दुसरें मॅगझीन घातलें, तर्जनी पुढें नेऊन तरफ दाबली, बोल्ट खटकन् बंद झाला. आणि मी अजून डोळा नेमावर आणला नव्हता तोंच रायफल उडाली.

गोळी निशाणाच्या पुष्कळ खालीं, समोरच्या मातीच्या बंधाऱ्यांत शिरली. कोणाला कांहीं झालें नाहीं. पण त्या आवाजानंतर क्षणभर माझा हात आणि रायफल हीं दोन्ही मला परकीं वाटलीं. मैदानाच्या अधिकाऱ्यानें तात्काळ गोळीबार थांबविण्याची आज्ञा दिली. सर्वांनीं आपापल्या रायफली उघड्या करून बांकावर ठेवल्या व मागें सरले. तो माझ्याजवळ आला. तो रागावला नाहीं, इतकेंच म्हणाला, "आज आपलें पुरे झालें." मी मागें वळून पाहिलें, तेव्हां स्नेह्यांचा मुलगा माझ्याकडेच पहात होता. त्याची ती नजर मी विसरलों नाहीं.

दोष कोठें होता? मी आधीं यंत्रांत शोधला, कारण यंत्रांत दोष शोधण्याची मला संवय. एक शंका मला होतीच. ह्या जातीच्या रायफलींत टोंचणी स्प्रिंगेनें बांधलेली नसते, ती मोकळी असते. त्यामुळें बोल्ट पुढें आपटला कीं तिचें टोंक काडतुसाच्या बुडाला हलकेंच लागतें व तेथें लहानसा ठसा उमटतो. रायफल निर्दोष व काडतूस चांगलें असेल तर त्यानें गोळी उडत नाहीं; तरीपण बोल्ट सोडतेवेळीं नळीचें तोंड सुरक्षित दिशेलाच असावें ह्या नियमाला हें एक भक्कम कारण आहे. परंतु माझ्या बाबतींत तसें झालें नव्हतें. रायफल आम्हीं पुन्हां उकलली, तपासली. तिच्यांत कांहीं दोष नव्हता. तरफेंतहि नव्हता. दोष होता माझ्या तर्जनींत.

तर्जनी तरफ दाबावयास पुढें गेली, खालीं दाबली गेली, आणि परततांना तिला जी वर्षानुवर्षांची वाट ठाऊक होती त्या वाटेनें ती परतली; म्हणजे चापावर. पहिलें काम संपविण्याचा जोर तिच्यांत अजून शिल्लक होता, आणि तो जोर दुसऱ्या कामांत ओतला गेला. पूर्वीं अंगठ्यानें खिटी दाबतांना हें होणें शक्य नव्हतें, कारण तो हातच दुसरा होता. दोन कृत्यांमध्यें जें अंतर होतें, तें त्या तरफेनें नाहींसें केलें होतें. मीं यंत्राची वीस वेळां परीक्षा केली, परंतु ज्या हातानें तें चालवावयाचें त्या हाताची एकदांहि केली नाहीं.

श्रोतेहो, हें अंतर म्हणजे काय, तें आपणांस आपल्या घरांतच दिसेल. कित्येक गॅसच्या शेगड्यांचा खटका नुसता फिरवून फिरत नाहीं. तो आधीं आंत दाबावा लागतो आणि मग वळवावा लागतो. जातां जातां पदराचा वा मुलाच्या हाताचा धक्का लागून गॅस सुटूं नये म्हणून ही दुहेरी कृति योजिलेली असते. एकेरी लोहमार्गावर पूर्वीं अनेक स्थानकांत यंत्रांतून निघालेला गोळा चालकाच्या हातीं पडल्याशिवाय गाडी पुढें जात नसे. आणि पलीकडच्या स्थानकाच्या संमतीवांचून तो गोळा यंत्रांतून निघतच नसे. वरवर पाहणाऱ्याला ही अडचण वाटते. परंतु मनुष्याचें मन चुकार आहे हें ओळखून, त्याच्या एका कृतीपासून दुसऱ्या कृतीपर्यंत जाण्याच्या वाटेंत शहाण्या माणसानें मुद्दाम ठेवलेला तो उंबरठा आहे. उंबरठ्याला ठेंच लागते म्हणून तो काढून टाकणाऱ्यानें, तो तेथें कां होता हें आधीं विचारावें.

मग ती तरफ आम्हीं काढून फेंकून दिली काय? नाहीं. माझ्या मनांत तेंच होतें. पण स्नेही म्हणाले, "तुमच्या चुकीची शिक्षा माझ्या अंगठ्याला कां?" त्यांचें म्हणणें बरोबर होतें. ज्याचे दोन्ही हात धड आहेत त्याला ती केवळ एखाददुसऱ्या क्षणाची बचत. स्नेह्यांना मात्र ती नळी स्थिर ठेवण्याचें साधन होती. ती काढली असती तर त्यांची नळी पुन्हां भटकूं लागली असती. तेव्हां जें अंतर तरफेनें काढून घेतलें, तें दुसऱ्या कोणत्या रीतीनें परत आणतां येईल, असा विचार आम्हीं करूं लागलों.

उपाय रायफलींतच होता. ह्या रायफलीची सेफ्टी डाव्या कुशीला, उजव्या हाताच्या अंगठ्याखालीं असते. हातोडा सज्ज असल्याशिवाय ती लावतां येत नाहीं. परंतु शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागें जातांना हातोडा सज्ज झालेलाच असतो, म्हणून बोल्ट मागें अडकलेला असतां ती खुशाल लावतां येते. आणि ती लागलेली असतांहि तरफेनें बोल्ट सुटतो. तेव्हां आम्हीं क्रम असा ठरविला. बोल्ट अडकला कीं प्रथम तर्जनी कड्याबाहेर सरळ. मग अंगठ्यानें सेफ्टी लावावयाची. मग मॅगझीन. नळी बंधाऱ्याकडे आहे हें पाहून तर्जनीनें तरफ दाबावयाची, आणि ती तर्जनी परत चापाकडे न नेतां कड्याच्या वर, रायफलीच्या अंगाला लावून सरळ ठेवावयाची. नेम धरला गेला, मनानें होय म्हटलें, कीं मगच अंगठ्यानें सेफ्टी काढावयाची व तर्जनी आंत न्यावयाची.

हा क्रम आम्हीं घरीं, खोटीं काडतुसें घालून, कित्येक संध्याकाळीं गिरविला. पहिल्या दिवशीं माझी तर्जनी तीनदां चुकली. प्रत्येक वेळीं सेफ्टी लागलेली होती म्हणून हातोडा पडला नाहीं. पण चूक झाली ती झालीच, असें धरून आम्हीं पुन्हां आरंभ करीत असूं. स्नेही माझ्याआधीं शिकले. आजारानें त्यांना एकेक हालचाल नव्यानें शिकावी लागली होती, आणि जो नव्यानें शिकतो त्याच्या हाताला जुनी वाट ठाऊक नसते. दोन महिन्यांनंतर ते पुन्हां मैदानावर गेले. मी मागें, रेषेच्या पलीकडे, त्यांच्या मुलाजवळ उभा राहिलों. प्रत्येक मॅगझिनाच्या वेळीं त्यांचा अंगठा हलतो कीं नाहीं एवढेंच मी पहात होतों. तो दर वेळीं हलला. दर पंधरवड्यानें पेच तपासण्याचें कामहि त्यांनीं आपल्याकडे घेतलें, आणि जोंवर मी तेथें होतों तोंवर तें चुकविलें नाहीं.

आपल्या देशांत ही गोष्ट अशा रीतीनें घडणार नाहीं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें येथें परवान्याशिवाय बंदूक बाळगतां येत नाहीं, आणि बंदुका दुरुस्त करण्याचा वा त्यांत फेरफार करण्याचा धंदाहि परवान्यावांचून करतां येत नाहीं. अमेरिकेंतहि राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत. तेथें राहणाऱ्या आपल्या माणसांनीं ते आधीं पाहून घ्यावेत हेंच बरें. नेमबाजीची कला मात्र आपल्याकडे आहे, आणि ती थोर आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें पन्नास मीटर प्रोन रायफल प्रकारांत जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्नील कुसळे ह्यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. ह्या स्पर्धांतील रायफल एका वेळीं एकच काडतूस घेते. प्रत्येक गोळीसाठीं बोल्ट हातानें उघडावयाचा, काडतूस हातानें ठेवावयाचें, बोल्ट हातानें बंद करावयाचा. तेथें प्रत्येक गोळीपूर्वीं उंबरठा आहे, आणि तो ओलांडूनच त्यांनीं ही कीर्ति मिळविली.

सोय ही वाईट वस्तु नव्हे. माझ्या स्नेह्यांचा आनंद त्या चिमुकल्या तरफेनें त्यांना परत दिला, हें मी कसें विसरेन? पण घरांत कोणतेंहि नवें यंत्र, वा जुन्या यंत्राला नवा जोडभाग आणतांना, ह्यानें कोणता वेळ वांचेल हें जसें आपण विचारतों, तसेंच ह्यानें कोणता थांबा नाहींसा होईल हेंहि विचारावें. आणि तो थांबा गरजेचा असेल, तर तो दुसऱ्या कोठें तरी पुन्हां बसविल्याशिवाय तें यंत्र चालूं करूं नये. मीं तें विचारलें नव्हतें. समोर मातीचा बंधारा होता, म्हणून आज मी हें आपणांस सांगूं शकलों.